रडायची मनाई

ग्यानबा पट्टेबहादूरच्या पुण्यानुमोदनाला अख्खं मेडशी रडलं. रडले नाहीत ते पहिल्या रांगेत बसलेले सहा म्हातारे.

पौर्णिमाच्या ते लगेच लक्षात आलं. घरापुढे पांढरा मांडव, टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या शेजारी, पाच दिवसांपूर्वीपर्यंत याच अंगणात खाकरत फिरणाऱ्या तिच्या नवऱ्याचा फोटो. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, मेणबत्त्या लागल्या आणि मग एकेक जण उठून ग्यानबाबद्दल बोलू लागला. निवृत्त हेडमास्तर बोलता बोलता अडले आणि चष्मा काढून खाली बसले. बसस्टँडवरचा पंक्चरवाला शहबाज एरवी कुणाला धड 'हो'सुद्धा म्हणत नाही. त्यानं माईक हातात घेतला, ओठ हलवले आणि माईक तसाच परत दिला. बायांच्या बाजूला तर हुंदके आवरता आवरेनात. आणि हे सहा जण सतरंजीवर मान वर करून मांडवाचं कापड न्याहाळत बसलेले. ठणठणीत कोरडे. तांड्यावरचे फुलचंदबाबा तर मधूनच गाणं गुणगुणत होते, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते गुणगुणणं चौथ्या रांगेपर्यंत पोचत होतं.

"पाह्य वं बाप्पा," मागून कुणी तरी कुजबुजलं, "ज्याईच्या डोयासाठी बिचारा जलमभर फिरला, त्याईच्याच डोयात टिपूस नाही."

पौर्णिमाला ते लागलं. कारण हे सहा जण म्हणजे ग्यानबाची शेवटची बॅच. मंगळवारी, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनी, त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वाशीमला न्यायचं ठरलं होतं. बुधवारी सकाळी यांच्याकडेच जायला ग्यानबा ओट्यावर बसून चपलेत पाय घालत होता, तो तसाच बाजूला कलंडला. तालुक्याच्या गावी, मालेगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बॅचमधली सातवी, शहबाजची आई लतीफा, तर मांडवात फिरकलीसुद्धा नव्हती. त्या बाईचं मन वळवायला ग्यानबानं सहा वेळा तिचा उंबरा झिजवला होता. पौर्णिमानं बायांच्या घोळक्यात तिला दोनदा शोधलं आणि मग शोधणं सोडून दिलं.

ग्यानबा म्हणजे कुणी पुढारी नव्हता. बांधकाम खात्यात मैलकुली. रस्त्याचे खड्डे बुजवायचे, कडेच्या झाडांना गेरू-चुना फासायचा, हे त्याचं काम. शिक्षण सातवी. आडनाव पट्टेबहादूर, पण साहेबापुढे उभा राहिला की तोंडातून शब्द फुटायचा नाही. सगळी बहादुरी आडनावातच संपलेली. असा माणूस या भानगडीत पडला तो आईमुळे. केशरबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि ग्यानबा म्हणाला, सोयाबीनची सोंगणी उरकू दे, मग नेतो. सोंगणी उरकली, मळणी झाली, मग तूर आली. नेलं तेव्हा मोतीबिंदू डोळ्यांतच फुटला होता. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, "दोन महिने आधी आणायचं होतं." पुढची नऊ वर्षं केशरबाई लेकाचा हात धरून अंगणात फिरली. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच ग्यानबाला सोसलं नाही.

तेव्हापासून सव्वीस वर्षं हा माणूस हातात बॅटरी घेऊन म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत डोकावत फिरला. बौद्धवाडा, मराठ्यांची आळी, मुसलमानांची घरं, तांडा, कुठे म्हणून सोडलं नाही. बुबुळात पांढरं दिसलं की झालं. मग तो म्हातारा सुटत नसे. कागद करायचे, तपासणीला न्यायचं, ऑपरेशनच्या आधी घरोघरी जाऊन डोळ्यांत थेंब टाकायचे, नंतर महिनाभर पुन्हा घरोघरी. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूच्या हाताला तो स्वतः दोरा बांधायचा. डॉक्टरांची चूक होईल म्हणून नव्हे, म्हातारे ऐन वेळी भलताच डोळा पुढे करायचे म्हणून.

बरं, गावासाठी घर वाऱ्यावर सोडलं, असं म्हणावं तर तेही नाही. पौर्णिमा अंगणवाडीत मदतनीस. तिला सकाळी लवकर जावं लागे. मग स्नेहाच्या दोन वेण्या कोण घालणार? ग्यानबा. डांबर ओतणाऱ्या हातांनी घातलेल्या त्या वेण्या अशा घट्ट असायच्या की पोरीच्या भुवया वर चढायच्या, आणि एक वेणी कायम दुसरीपेक्षा वरच. पौर्णिमाला टायफॉईड झाला तेव्हा तो भाकरी थापायला शिकला. पहिल्या आठवड्यातल्या भाकरी मुलगा अनुप अजून विसरलेला नाही. वाशीमला कितीही उशीर झाला तरी तो बाहेर जेवत नसे. घरी येऊन चौघांच्या ताटांशेजारी आपलं ताट मांडायचा. घरच्यांना तक्रारीला त्यानं जागाच ठेवली नव्हती, आणि पौर्णिमाची खरी तक्रार हीच होती.

रविवारी संध्याकाळी मांडव सोडत असताना अनुपनं विषय काढला. तो पुण्याला कंपनीत. बुधवारी परत जायचं होतं.

"आई, दवाखान्यात फोन करून देतो. म्हनतो, पुढची तारीख द्या."

"पुढची तारीख कधीची भेटते?"

"भेटंल दोन-तीन महिन्यांनी. आता कोन नेईल त्याईले? तू? तुले त्यातलं काय समजते? अन् उद्या कोनाच्या डोयाले काही झालं तं गाव आपल्याले बोलंल. बाबाचं नाव जाईल."

पोराचं चुकत नव्हतं. भीती पौर्णिमालाही होती, आणि तिच्या भीतीला नाव होतं: लतीफा. बाकी सहा जणांना एक डोळा गेला तर दुसरा होता. लतीफाचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेला हा एकच, आणि त्यात मोतीबिंदू पिकून टणक झालेला. तपासणीत डॉक्टरांनी ग्यानबाला बजावलं होतं की हा महिना टळला तर पुढचं माझ्या हातात नाही. हे त्यानं घरी येऊन जेवताना सांगितलं होतं, आणि सांगून पुढे जेवला नव्हता.

पण रविवारच्या त्या कोरड्या चेहऱ्यांनी पौर्णिमाचं मन विटलं होतं. ज्यांना माणसाची किंमत नाही त्यांच्यासाठी आपण का जीव टांगणीला लावायचा? सोमवारी सकाळी तिनं सातही जणांच्या कागदांची पिशवी उचलली. ज्याचे कागद त्याला देऊन टाकायचे, तुमचं तुम्ही पाहा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पहिलं घर तिनं मुद्दाम लतीफाचं धरलं. रागाच्या भरात माणूस जिथे जास्त दुखलंय तिथेच आधी जातो.

दार नातीनं, नमरानं, उघडलं. आत शिलाई मशीनवर चादर टाकलेली. लतीफा कोपऱ्यात खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"लतीफाबाई, हे तुमचे कागद," पौर्णिमा उभ्यानंच म्हणाली. "काल तुमी आल्या नाही. नसन सवड भेटली."

लतीफा वळली. पौर्णिमाचा हात पिशवीतच राहिला. त्या एकुलत्या एका डोळ्याचा पांढरा भाग लालबुंद झाला होता आणि पापणी सुजून अर्धी मिटली होती.

"भाभी, कशी येऊ?" लतीफा म्हणाली. "भाऊनं मना केल्तं. म्हने, आपरेशनच्या आधी पंधरा दिवस चुलीपुढं बसायचं नाही, कांदा कापायचा नाही अन् रडायचं नाही. मरन झालं घरात तरी रडायचं नाही, म्हने. रडलं की डोया लाल होते, लाल डोया डॉक्टर वापस पाठवते. अन् नऊ रोजानं भाऊच गेले." तिनं पदर डोळ्याकडे नेला आणि मध्येच थांबवला. "बाकीच्यायनं रोखून धरलं. फुलचंदबाबा म्हने, गानं म्हनत जा, गान्यानं आसू मागं फिरते. मह्याच्यानं नाही झालं. मांडवात आली असती तं अजून रडली असती, म्हनून घरात बसली. अन् घरात बसून पाच रोज रडली. माहा डोया मीच घालवला भाभी. भाऊच्या सव्वीस वर्साले मी बट्टा लावला."

पौर्णिमा खाटेवर बसली. ग्यानबा दारोदारी काय काय बजावतो हे तिनं कधी नीट ऐकलंच नव्हतं. कांदा आणि चूल तिला ठाऊक होती, रडण्याचं नव्हतं. आता तिला आठवलं: कधी तरी एका म्हाताऱ्याच्या लेकीची पाठवणी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी होती. म्हातारा रात्रभर रडला, डोळे लाल घेऊन गेला आणि परत पाठवला गेला. ग्यानबानं तेव्हापासून यादीत एक कलम वाढवलं असणार. डॉक्टरला विचारून वाढवलं असतं तर तो ग्यानबा कसला!

म्हणजे ते सहा जण दगड नव्हते. आपल्या मेलेल्या माणसाचा शब्द पाळत, मान वर करून, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच ठेवून ते दोन तास बसले होते. पौर्णिमाला स्वतःची शरम वाटली. पण शरमेला वेळ नव्हता, कारण तिच्यापुढे तो लाल डोळा होता, आणि उद्या मंगळवार होता.

"सकाळी सात वाजता जीप येते," ती उठत म्हणाली. "तयार राह्यजा."

"अन् वापस पाठवलं तं?"

"पाठवलं तं पाठवलं. बसून राह्यलो तं गेलाच हाय."

बाकीच्यांच्या कागदांची पिशवी तशीच घेऊन ती घरी आली. अनुपनं ऐकून कपाळावर हात मारला. त्या दिवशी तिनं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरली. डोळा गेला तर शहबाजला काय तोंड दाखवायचं? लोक म्हणतील, ग्यानबा होता तोवर सगळं नीट होतं, बाईनं नसता शहाणपणा केला. सव्वीस वर्षांचं नाव एका दिवसात धुळीला मिळेल, आणि ते मिळवणारी आपण असू.

मंगळवारी काळीपिवळी जीप निघाली. मागे सहा म्हातारे, मध्ये पौर्णिमा आणि लतीफा, पुढे ड्रायव्हरशेजारी शहबाज.  मालेगाव मागे पडल्यावर तो एकदाच वळला. "काकू, अम्मीले हा एकच डोया हाय." पौर्णिमानं मान हलवली. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रस्त्याच्या कडेची गेरू-चुन्याची झाडं एकामागून एक सरकत होती. तिनं तिकडे बघायचं टाळलं.

दवाखान्याच्या खिडकीवरची मुलगी सात कागद बघून म्हणाली, "मेडशीची बॅच का? काका कुठंयत, गाडी लावून राह्यले का?"

गावात हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती; सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. पौर्णिमानं खिडकीची कड धरली. "ते वारले. बुधवारी. मी त्याईची बायको. आता मी आनलं सगळ्याईले." मुलीचं पेन थांबलं. मागून रांगेतला माणूस कुरकुरला तेव्हा तिनं घाईघाईनं शिक्के मारले.

डॉक्टर बाई होत्या, हाताला उरक असलेल्या. पाच जण तपासून झाले, सगळे ठीक. सहावे फुलचंदबाबा बाजूच्या बाकावर बसलेले असताना लतीफाची पाळी आली. डॉक्टरांनी तिची पापणी उचलली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? कधीपासून लाल आहे?"

 फुलचंदबाबांना वाटलं की सगळ्या बॅचवर बालंट येतंय. ते बाकावरून ओरडले, "ते रडली मॅडम! आमी नाही रडलो! आमी सहाजन बिलकुल नाही रडलो!"

"रडला असतात तरी चाललं असतं, बाबा," डॉक्टर डोळ्यावरची बॅटरी न हलवता म्हणाल्या. "रडण्यानं डोळ्याला काही होत नाही. मळक्या पदरानं चोळण्यानं होतं. रडायचं नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

 सहा म्हातारे जमिनीकडे बघू लागले, लतीफानं ओठ मिटून घेतले. सातांपैकी एकानंही ग्यानबाचं नाव घेतलं नाही. मेलेल्या माणसाची चूक परक्यापुढे उघडी करायची नाही, हे त्यांना एकमेकांना सांगावं लागलं नाही. 

डॉक्टर काय म्हणाल्या ते शेजारच्यानं फुलचंदबाबांच्या कानात मोठ्यानं सांगितलं. 

"म्हंजे रडलं असतं तं चाललं असतं?" ते म्हणाले. "मंग रविवारी आमी कायले…"

 सहा फूट उंचीचा, मिशीवाला तो म्हातारा बाकावर बसल्या जागी मोठ्यानं रडायला लागला. ते बघून दुसरा रडला, मग सगळेच. सहा दिवस अडवून धरलेलं ते पाणी आता कुणाच्या बापाला ऐकेना. नर्स कापसाचे बोळे घेऊन धावत आली. "हात लावू नका! चोळू नका!" असं ओरडत ती एकेकाचे गाल टिपू लागली. बाहेरची माणसं दारात जमली, आणि डॉक्टर हात थांबवून उभ्या राहिल्या. 

मग त्या लतीफाकडे वळल्या. "पू दिसत नाही. पण एकच डोळा आहे, मी धोका घेणार नाही. दर अर्ध्या तासानं थेंब टाका. चार वाजता परत बघते. उतरलं तर आज करू. नाही उतरलं तर घरी जा."

"अन् मंग पुढं?" पौर्णिमानं विचारलं.

"पुढचं मी ग्यानबाकाकांना सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

दहा ते चार. एकेक म्हातारा आत गेला आणि डोळ्यावर पट्टी घेऊन बाहेर आला. पौर्णिमा लतीफाशेजारून हलली नाही. दर अर्ध्या तासानं साबणानं हात धुवायचे, खालची पापणी ओढायची, थेंब सोडायचा. पहिला थेंब गालावरच पडला. डोळा निवळतोय की आपल्याला तसं वाटतंय, हे तिला कळेना, ती दर वेळी शहबाजला विचारायची आणि तो दर वेळी म्हणायचा, "जराक." दुपारी त्यानं आणलेला वडापाव दोघींच्या मध्ये तसाच गार झाला. साडेतीनच्या थेंबाला लतीफानं तिचं मनगट धरलं. "भाभी, गेला तं तुमच्यावर नाही. मी सगळ्याले सांगीन." पौर्णिमानं मनगट सोडवून पापणी खाली ओढली.

चार वाजता डॉक्टरांनी पापणी उचलली. पुष्कळ वेळ बघितलं. "घ्या आत," त्या म्हणाल्या. ऑपरेशन पाऊण तास चाललं. बाकीच्यांना पंधरा-वीस मिनिटं लागली होती. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या, "फार टणक होता. केलंय. किती दिसेल ते उद्या पट्टी काढल्यावर."

बुधवारी सकाळी नर्स पट्ट्या काढायला आली. बायांच्या वॉर्डात पुरुषांना मज्जाव, त्यामुळे शहबाज दाराबाहेर चपलांपाशी उभा. आत खाटेवर लतीफा, समोर पौर्णिमा. ग्यानबाला जाऊन बरोबर आठवडा झाला होता. नर्सनं चिकटपट्टी सोडवली, ओल्या कापसानं पापणी पुसली आणि म्हणाली, "उघडा मावशी. सावकाश."

लतीफानं डोळा उघडला. उघडाच ठेवला. 

"दिसतं का?" नर्सनं विचारलं.

लतीफा गप्प.  डोळा गेला, पौर्णिमाला वाटलं. डोळा गेला, नाव गेलं, आता बाहेर त्या पोराला काय सांगू.

"लतीफाबाई," ती कशीबशी म्हणाली, "काही तं बोला. मी दिसतो का तुमाले?"

"दिसून राह्यल्या," लतीफा म्हणाली. ती तिच्याकडेच बघत होती, अगदी बारकाईनं, इतक्या वर्षांत कुणाकडे बघता आलं नव्हतं तसं. "सगळं दिसून राह्यलं. तुमच्या कपायावरचं गोंदन बी दिसून राह्यलं." मग तिचा आवाज उतरला. "भाभी, तुमचे डोये कसे कोरडे हायेत. आठ रोजात तुमी रडल्याच नाही?"

 मांडवातले कोरडे चेहरे पौर्णिमानं मोजले होते. स्वतःकडे बघायला ना तिला सवड झाली होती, ना दुसऱ्या कुणाला.

"आमाले तं भाऊनं मना केल्तं," लतीफा म्हणाली. "तुमाले कोनं मना केलं?"

पौर्णिमा खाटेच्या कडेवर बसली आणि रडली. आधी आवाज न करता, मग वॉर्डातल्या सगळ्या बाया वळून बघतील इतक्या मोठ्यानं, नवऱ्याला नावानं हाक मारत, जी तिनं पस्तीस वर्षांत कधी मारली नव्हती. दाराबाहेर शहबाज घाबरला, आत यायला निघाला, आणि नर्सनं त्याला हातानंच सांगितलं की दिसतंय, दिसतंय. पौर्णिमानं पदर डोळ्यांकडे नेला तेव्हा लतीफानं तिचा हात धरून खाली केला.

"चोयू नोका," ती म्हणाली. "वाहू द्या."